उन्हातले जावईबापू

विशाखापट्टणम, १२ ऑगस्ट

सन्यासम्मा अत्तम्मा,

नमस्कार घे. तू बाबांना विचारलंस म्हणे, "तुझी पोरगी तिथे नक्की शिकते काय? दगड मोजते की पृथ्वीची पत्रिका मांडते?" सख्खी भाची जिवंत असताना भावाला विचारतेस, म्हणून मीच लिहायला बसले.

विषयाचं नाव भूभौतिकी. जमीन न खणता तिच्या पोटात काय आहे ते ओळखायचं, एवढंच त्यात आहे. आमचे वरहालू सर पहिल्या दिवशी वर्गात आले ते हातात पुस्तक न घेता. म्हणाले, "पुस्तक पळून जात नाही. सगळे बाहेर या आणि पालथे पडा." कॉलेजच्या लांब व्हरांड्यात आम्ही सगळे फरशीला कान लावून पालथे. पलीकडच्या टोकाला शिपाई अप्पाराव हातोडा घेऊन उभा. त्याने घाव घातला आणि आवाज दोनदा आला! आधी फरशीतून, मग हवेतून. सर म्हणाले, "झाला पहिला धडा. जमीन आधी बोलते. ऐकायला वाकावं लागतं." माझ्या नव्या परकराला धूळ लागली, पण अत्तम्मा, असा मास्तर मी जन्मात पाहिला नाही.

दुसऱ्या आठवड्यात गुरुत्व मोजायचं यंत्र दाखवलं. मोठ्या थर्मासएवढं आहे. ते तळमजल्यावर ठेवून मोजलं, मग गच्चीवर नेऊन मोजलं. आकडा कमी आला. म्हणजे गच्चीवर तूही कणभर हलकी होतेस, फक्त तुझ्या घरच्या तराजूला ते कळत नाही. खाली भक्कम खडक असला की आकडा वाढतो, पोकळी असली की उतरतो. पण नखरे विचारू नकोस! ऊन सोसत नाही, धक्का सोसत नाही, बसायला सपाट जागा लागते. म्हणून आमच्या विभागात सगळे त्याला 'जावईबापू' म्हणतात.

तुझी,
पैडितल्ली


कोंडपालेम, २० ऑगस्ट

चि. पैडी,

फरशीवर पालथं पाडून शिकवणारा मास्तर एक तर वेडा असतो नाही तर फार शहाणा. तीस वर्षं शाळेत काढून मला अजून हा फरक नीटसा ओळखता येत नाही. जावयाचं म्हणशील तर जावई म्हणजे दहावा ग्रह. तुम्ही तो थर्मासमध्ये कोंडलात, हे बाकी झकास केलंत.

आता थट्टा पुरे. आमच्या शाळेच्या अंगणात खळगा पडलाय. तोंड ताटाएवढं, पण आत बांबू घातला तर टेकेना. तुला माहीतच आहे, गावाखालून खाणीचे जुने बोगदे गेलेत. मँगनीज संपलं, कंपनी गेली आणि नकाशेही कुठे गेले कुणास ठाऊक. बोगदा शाळेखाली आहे की नाही, हे सांगणारा म्हातारा आता गावात एकही उरला नाही.

मंडल कार्यालयाचे साहेब येऊन गेले. म्हणाले, "जमीन भक्कम असल्याचं जाणत्या माणसाचं लेखी आणा, नाही तर शाळा बंद. मुलं ओढ्यापलीकडच्या शाळेत जातील." मुलगे जातील गं. मुलींना पावसाळ्यात ओढा ओलांडू कोण देणार? पाचवीतली नीलवेणी तोंडी गुणाकार करते, तिची आई मला आत्ताच विचारतेय, "टीचर, शाळा बंद झाली तर हिला शेळ्यांमागे लावू ना?" तोवर मुलांना मी चिंचेखाली बसवते आणि वरून कावळे शिकवणीला येतात.

तुझ्या पालथ्या मास्तरांना विचार, त्यांच्या शास्त्राला हे सांगता येईल का.

तुझी,
अत्तम्मा


विशाखापट्टणम, १ सप्टेंबर

अत्तम्मा,

तुझं पत्र मी सरांना वाचून दाखवलं, 'पालथे मास्तर' वगळून. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "यंदाचं पहिल्या वर्षाचं मैदानी काम कोंडपालेमला." आम्ही अकरा जण आणि सर येतोय. फी नाही, मानपान नाही. तुझ्या जेवणाला मात्र ते नाही म्हणाले नाहीत.

तिथे आम्ही काय करू ते आधीच सांगते, म्हणजे गाव हसणार नाही. राममंदिराच्या ओट्यावर खडूने फुली काढू आणि तिथे पहिलं मोजू. मग शाळेभोवती चार-चार पावलांवर मोजत जायचं आणि दर दोन तासांनी सगळं सोडून त्या फुलीवर परत यायचं. ओट्याखालची जमीन तेवढ्यात बदलत नाही, पण यंत्र दिवसभरात जरासं थकतं. किती थकलं ते पहिल्या जागी परत आल्यावरच कळतं, आणि मग तेवढं प्रत्येक आकड्यातून वजा करायचं. सर म्हणतात, "जमिनीला नावं ठेवण्याआधी आपण किती घसरलो ते बघून यावं."

मला हा नियम इतका आवडलाय की मी तो खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवलाय.

पैडी


विशाखापट्टणम, २४ सप्टेंबर

अत्तम्मा,

आधी गोड बातमी. जमीन भक्कम आहे!

तुझ्या पंगतीनंतर आमच्यातल्या कुणालाच उठवेना, हे तू पाहिलंसच. चिंचेचा भात, गोंगुऱ्याची चटणी, फणसाची भाजी आणि वर त्या पुरणाच्या बूरेलु! सरांना हैदराबादची गाडी गाठायची होती म्हणून ते जेवण होताच निघाले, तरी तीन बूरेलु कागदात बांधून नेल्या. दुपारनंतरचं सगळं आम्हीच केलं. जेवल्यावर पहिली छोट्यांची खोली मोजली, मग बाकीचा पूर्व भाग, आणि संध्याकाळी ओट्यावर परत आलो.

सर अजून हैदराबादलाच आहेत, म्हणून हिशेब मी मांडला. यंत्र दिवसभरात बरंच थकलं होतं, तेवढं वजा केलं. कुठेही खड्डा दिसत नाही. पश्चिमेला उगाच जरा उतार दिसतो, पण तिथे कोण बसतंय? सोबत मी सहीनिशी कागद पाठवते. साहेबांच्या टेबलावर आपट आणि मुलांना वर्गात घे.

पहिल्याच वर्षी आपल्या हातून एक शाळा वाचावी! मी आज खोलीत एकटीच नाचले.

पैडी


कोंडपालेम, २९ सप्टेंबर

पैडी, माझ्या सोन्या,

तुझा कागद मी मंदिरात मोठ्याने वाचला. सरपंच म्हणाले, "आपल्या घरची पोर पाताळ बघून आली!" साहेबांनीही कागद ठेवून घेतला, म्हणाले, "ठीक आहे, चालू द्या." छोटे कालपासून त्यांच्या खोलीत बसतात. दारावर आंब्याचं तोरण बांधलं, खळगा मुरूम टाकून बुजवला. नीलवेणीच्या आईने शेळ्यांचा विषय काढणं सोडलं.

तुझ्या आजोबांनी मला सहावीतून काढलं होतं, आठवतं ना सांगितलेलं? मग मी मागच्या दाराने शिकले. आज माझी भाची पुढच्या दाराने शिकून माझीच शाळा वाचवते. माझे डोळे भरून आले, ते तुला कळावं म्हणून लिहिते.

आणि हो, तुमचे जावईबापू बरे आहेत ना? प्रकृती ठीक? सहज विचारलं.

अत्तम्मा


विशाखापट्टणम, २ ऑक्टोबर
(माझ्या वर्गातल्या अप्पलनायडूच्या हाती, पहिल्या पॅसेंजरने)

अत्तम्मा,

हे वाचत असशील तिथूनच मुलांना आधी बाहेर काढ. कुणी काहीही म्हटलं तरी. मग पुढचं वाच.

सर काल परतले. मी मोठ्या तोऱ्यात कागद पुढे केला. त्यांनी निकाल पाहिलाच नाही, नुसते ओट्यावरचे आकडे पाहिले. "सकाळच्या आणि संध्याकाळच्या आकड्यात एवढा फरक?"

मी म्हटलं, "यंत्र थकलं, सर. मी तो फरक तासांच्या हिशेबाने सगळ्या आकड्यांत वाटून दिला."

"वाटून दिला? बत्तासे आहेत का ते?" मग हसू आवरून म्हणाले, "पैडितल्ली, थकलेला माणूस हळूहळू वाकतो, जिन्यावरून गडगडत नाही. हा थकवा नाही. हा धक्का आहे."

मग त्यांनी एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. सकाळी आम्ही दोन तासांनी ओट्यावर परतलो होतो, तिथे सगळं जागच्या जागी होतं. जेवल्यावर मात्र ओट्यावर पुन्हा मोजायला हवं होतं आणि आम्ही मोजलं नाही, पोट जड होतं. त्यांचं बोट बरोबर तिथेच थांबलं. "जेवताना यंत्र कुठे होतं?"

"ओट्यावर, सर."

"ऊन आलं होतं?"

"आलं असेल."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग त्याला कुणीतरी मायेनं सावलीत नेलं. उचलणारा सावध होता, नाही तर यंत्र फुटलं असतं. उंबऱ्याशी ठेच लागली असेल. सन्यासम्मा टीचरांना विचार. पण आरोप केल्यासारखं नको, आभार मानल्यासारखं विचार. चूक उचलणाऱ्याची नाही, चूक परतून न बघणाऱ्याची."

एका क्षणात झालेला धक्का मी दिवसभरात पसरून दिला, अत्तम्मा, म्हणून जेवल्यावरचे पहिले आकडे फुगलेलेच राहिले, आणि छोट्यांच्या खोलीखाली खड्डा असेल तर तो त्यानेच बुजवला. आहेच असं नाही. पण नाही, असंही म्हणता येत नाही. सरांनी मला रागावायला हवं होतं. ते फक्त म्हणाले, "आकडा गोड लागला की दुप्पट तपासावा."

आता सांग. त्या दुपारी यंत्र हललं का?

पैडी


कोंडपालेम, ३ ऑक्टोबर
(अप्पलनायडूच्याच हाती)

पैडी,

मुलं बाहेर आहेत. तुझी पहिली ओळ वाचली आणि घंटा बडवली. मुलांना वाटलं सुट्टी, नाचतच निघाली.

आता तुझ्या सरांना साष्टांग नमस्कार सांग, खरोखरीचा. तुम्ही पानावर बसलात आणि ऊन ओट्यावर चढलं. तूच लिहिलं होतंस, जावईबापूंना ऊन सोसत नाही. जावयाला उन्हात ठेवून मी भाचीला भात वाढू? पेटी उचलून मागच्या दाराने घरात आणत होते. उंबऱ्याला पाय अडखळला, पेटी चौकटीवर आदळली. आत काही फुटल्याचा आवाज आला नाही. देवघराजवळ पाटावर बसवली, हळद-कुंकू लावलं, पुसलं आणि तुम्ही हात धुवायच्या आत परत नेऊन ठेवली. घरात कुणी नव्हतं. आणि हा माणूस एवढ्या लांब बसून चार आकड्यांत माझी ठेच वाचतो? माया होती हेही वाचतो? ज्योतिषी पत्रिकेत राहू-केतू शोधतात, ह्यांनी माझा उंबरा शोधला.

लपवायचं म्हणून लपवलं नाही गं. एवढ्याशा ठेचेने जमीन बदलेल असं वाटलं नाही.

आता मनातलं सांगते. घंटा वाजवून झाल्यावर मी पायरीवर बसले आणि एक मन म्हणालं, सन्यासम्मा, साहेब खूश आहेत, गाव खूश आहे, कागदावर सही आहे. राहू दे. पुन्हा मोजलं आणि पोकळी निघाली तर शाळा गेलीच समज. नीलवेणी उद्यापासून शेळ्यांमागे. समोर छोटी चिंचेखाली मातीत अक्षरं काढत होती, अनवाणी पायांनी. त्यांच्या पायांखाली काय आहे हे मला माहीत नाही, आणि माहीत नाही हे आता मला माहीत झालंय. मग कसं राहू देऊ?

अप्पलनायडू जेवतोय तोवर मी साहेबांना चिठ्ठी लिहिली: 'आधीचा कागद रद्द समजावा. यंत्रास माझ्या हातून धक्का बसला आहे.' गावात आत्ताच कुजबुज सुरू झाली. सरपंच म्हणतात, "टीचर, आपल्याच पायावर धोंडा कशाला?" मी म्हटलं, पाय माझा असता तर विचार केला असता.

लवकर या.

अत्तम्मा


विशाखापट्टणम, १८ ऑक्टोबर

अत्तम्मा,

दुसऱ्या मोजणीचा हिशेब झाला. या वेळी सरांनी, मी आणि अप्पलनायडूने वेगवेगळा मांडला, तिघांचा एकच आला.

छोट्यांच्या खोलीखाली आकडा उतरतो. खोलीच्या मधोमध सगळ्यात जास्त, आणि तिथून उतार सरळ अंगणातल्या खळग्याकडे जातो. बोगदा आहे, अत्तम्मा, आणि फार खोल नाही.

सरांना म्हटलं, "आपण तिथे जाऊन शाळा वाचवणार होतो आणि बंद करून आलो." त्यांनी नकाशा उलटा फिरवून माझ्यासमोर ठेवला. "तू फक्त पूर्वेकडेच बघतेस. पश्चिमेला बघ." मंदिरापासून खाणीचा माल तोलायच्या जुन्या काटाघरापर्यंत आकडे एकसारखे, भक्कम. माझ्या हिशेबात जो उतार दिसला होता तो माझ्याच वाटपाचा होता. सर म्हणाले, "पोकळी दाखवणारा नकाशाच भक्कम जागाही दाखवतो. लोक अर्धाच वाचतात."

मग ते मला घेऊन मंडल कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, "म्हणजे शाळा बंद." सर शांतपणे म्हणाले, "खोली बंद. शाळा पश्चिमेला. ज्या शास्त्राच्या शब्दावर तुम्ही खोलीला कुलूप लावता, तेच शास्त्र सांगतं की काटाघराजवळ उघडा. अर्धं मानायचं असेल तर कुठलं अर्धं, ते लिहून द्या." साहेबांनी नकाशा स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाले, "झोपडी बांधून चालवा, पक्क्या इमारतीचं मी वर लिहितो."

शाळा राहिली, अत्तम्मा! नीलवेणीच्या आईला सांग.

आणि या खेपेच्या दुपारचं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आम्ही तुझ्या ओसरीवर जेवत होतो आणि सर ओट्यावर एकटे, छत्री यंत्रावर धरून, स्वतः उन्हात बसून ताकभात खात होते. तू तीनदा बोलवायला गेलीस. मला त्या क्षणी वाटलं, आयुष्यभर शिकले तर याच माणसाच्या हाताखाली शिकेन.

पैडी


कोंडपालेम, २३ नोव्हेंबर

पैडी,

वादळाचा पाऊस तुमच्याकडेही झाला असेल. इथे आभाळ फाटल्यासारखा कोसळला. ताडाच्या पानांचं छप्पर गळलं तरी शाळा भरली, कारण मी पोरांना सांगितलं होतं, गळतं ते वरून, भीती असते ती खालून.

काल सकाळी प्रार्थना चालू होती. मोठं पोतं जमिनीवर टाकावं तसा आवाज झाला, एकदाच. मी धावत गेले. छोट्यांच्या खोलीची जमीन नाही. भिंती उभ्या आहेत, दारावरचं वाळलेलं तोरण आहे आणि मध्ये काळं पाणी. फळा आत सरकून अडकलाय, त्यावर माझ्याच हातची बाराखडी.

मुलं मागून आली. मग पहिलीतला गुरवय्या म्हणाला, "टीचर, आता फळा वर कोण काढणार?" मी त्याला पोटाशी धरून मुलांसमोर रडले. तीस वर्षांत कधी रडले नव्हते. सरपंच आले, बघितलं, आणि माझ्या पायाला हात लावायला वाकले. मी म्हटलं, माझ्या नको, विशाखापट्टणमला जा.

सरांना सांग, त्यांनी चार आकड्यांत माझी ठेच वाचली नसती, तर काल त्या खोलीत गुरवय्या बसला असता. हे वाक्य मी लिहून चारदा वाचलं.

अत्तम्मा


विशाखापट्टणम, ५ ऑगस्ट

अत्तम्मा,

नवं पहिलं वर्ष आलं. सरांनी मला मदतीला घेतलंय. सगळे व्हरांड्यात पालथे पडले, या वेळी हातोडा माझ्या हातात होता.

काल सरांनी ओट्यावर परत येण्याचा धडा शिकवला. फळ्यावर आपल्या त्या दिवसाचा आलेख काढला. सकाळभर रेघ सरळ, मग मध्येच एक उंच पायरी, मग पुन्हा सरळ. एकाने विचारलं, "सर, ही पायरी कसली?" सरांनी खडू घेतला आणि पायरीवर ठळक अक्षरांत लिहिलं: 'सन्यासम्मा टीचरांचा पाहुणचार'. वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "हे नाव वहीत उतरवून घ्या. यंत्राला धक्का बसला हे सांगायला या बाईंनी आपली शाळा पणाला लावली होती. खोटे आकडे फार लोक देतात. हा धक्का खरेपणाने सांगितलेला आहे." यापुढे दरवर्षी हाच आलेख काढणार म्हणतात.

पुढच्या महिन्यात नवा वर्ग घेऊन आम्ही येतोय.

पैडी


कोंडपालेम, ११ ऑगस्ट

पैडी,

गावभर सांगत सुटलेय की विद्यापीठात माझी ठेच शिकवतात. या सगळे. ओट्यावर मांडव घातलाय, सरांना उन्हात बसू देणार नाही. पानं तिथेच वाढीन, जावईबापूंना बोट लावणार नाही. पण जेवून उठलात की आधी मोजायचं आणि मग हात धुवायचे, हे मी बजावून ठेवते.

पश्चिमेच्या पक्क्या खोलीची फरशी गेल्या आठवड्यात बसवून झाली. आत पाऊल टाकायला पोरं घाबरत होती. गुरवय्या तर दारातच बसला, म्हणाला, "ही पण खाली गेली तर?" त्याला काय नकाशा दाखवू? मग तुझं पहिलं पत्र आठवलं. म्हटलं, सगळे आत या आणि पालथे पडा.

नीलवेणीच्या हाती मुसळ दिलं आणि तिला पार पलीकडच्या टोकाला उभं केलं. सगळी शाळा फरशीला कान लावून. आणि हसू नकोस, त्यांच्या शेजारी मीही, या वयात. तिने मुसळ आपटलं.

गुरवय्याने सगळ्यांच्या आधी हात वर केला. "टीचर, आलं! खालून आलं!" मग तो तिथेच, फरशीवर गाल टेकून, पडून राहिला. उठायला तयार होईना.

तुझी,
अत्तम्मा